‘हॅज बीन’ म्हणजे झालं. पण केलं कुणी?

स्वयंपाक चालू असेल, गोठ्यात असाल, नाहीतर शेतातून येऊन नुकत्याच टेकल्या असाल, रेडिओचा आवाज जरा वाढवा. जमलं तर वही-पेनही जवळ घ्या. आज आपण दोन इंग्रजी शब्दांविषयी बोलणार आहोत. शब्द अगदी छोटे आहेत, पण आपल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये ते येऊन बसलेले आहेत. ते शब्द आहेत ‘हॅज बीन’.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात इंग्रजीचा तास कशाला? कारण सांगतो. आम्ही समन्वयक महिन्याभरात अनेक गटांच्या बैठकांना जातो. बैठक संपली की हमखास दोघी-तिघी फोन पुढे करतात. “ताई, हे काय आलंय बघा हो.” बघावं तर बँकेचा मेसेज असतो, गॅसचा असतो, विजेच्या बिलाचा असतो, नाहीतर कुठल्यातरी योजनेचा. आकडा सगळ्यांना वाचता येतो. दीड हजार, चारशे छत्तीस, दोन हजार. पण ते पैसे आले की गेले, गेले असतील तर गेलेत की जाणार आहेत, हे कळत नाही. ते कळायची किल्ली आकड्यात नसते, त्याच्या शेजारच्या शब्दांत असते. म्हणून आजचा हा विषय.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. ‘हॅज’ची अक्षरं तीन : एच, ए, एस. ‘बीन’ची चार : बी, ई, ई, एन. मधले दोन ई जोडीनं उभे असतात, त्यावरून ‘बीन’ चटकन ओळखू येतं. एकीबद्दल किंवा एका वस्तूबद्दल बोलायचं असेल तर ‘हॅज बीन’. मी, आम्ही, तुम्ही, किंवा ते सगळे असं असेल तर ‘हॅव बीन’. अर्थ तोच. माणूस बदललं की मराठीत आपण ‘आहे’चं ‘आहेत’ करतो, तसंच हे.

आता हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात कसे येतात ते बघू. त्यांच्या मुख्य तीन रीती आहेत.

पहिली रीत ‘पासून आहे’ची. समजा, सासूबाईंना सोमवारपासून बरं नाही. आपण म्हणतो, “सोमवारपासून आजारी आहेत.” इंग्रजीत म्हणतात, “शी हॅज बीन सिक सिन्स मंडे.” आजार सोमवारी सुरू झाला आणि अजून आहे. आपलं काम नुसत्या ‘आहे’वर भागतं. इंग्रजीत मात्र तेव्हापासून आतापर्यंतचा सगळा काळ धरायचा असेल तर ‘हॅज बीन’ लागतं. नुसतं “शी इज सिक” म्हटलं तर आज आजारी आहे एवढंच कळतं, किती दिवसांपासून ते कळत नाही.

याच रीतीतलं आणखी एक वाक्य बघा. “माय सिस्टर हॅज बीन टू पुणे.” म्हणजे बहीण पुण्याला जाऊन आलेली आहे. आता ती घरी आहे. आणि “माय सिस्टर हॅज गॉन टू पुणे” म्हटलं तर बहीण पुण्याला गेली आहे, अजून आलेली नाही. एका शब्दाच्या फरकानं बहीण घरी आहे की पुण्यात, ते बदलतं.

दुसरी रीत ‘करत आले आहे’ची. गटाला भेट द्यायला कुणी बाहेरचे पाहुणे आले की आपल्या शिकलेल्या मुली ओळख करून देतात. मराठीत आपण म्हणतो, “मी दहा वर्षांपासून या गटात काम करतेय.” त्यावरून मुली शब्दाला शब्द लावून “आय ॲम वर्किंग सिन्स टेन इयर्स” म्हणतात. पाहुण्यांना कळतं, काही अडत नाही. पण नीट वाक्य असं आहे : “आय हॅव बीन वर्किंग इन धिस ग्रुप फॉर टेन इयर्स.” तेव्हा सुरू केलं, आजही करतेय. इथं एक खूण लक्षात ठेवायची. सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल, म्हणजे सोमवार, दिवाळी, २०१६ साल, तर ‘सिन्स’. मोजलेला काळ सांगायचा असेल, म्हणजे तीन दिवस, दहा वर्षं, तर ‘फॉर’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतं, म्हणून आपली गल्लत होते.

प्रश्न विचारताना हे दोन शब्द एकमेकांपासून लांब जातात आणि माणूस त्यांच्या मधे येऊन बसतो. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर विचारतात, “हाऊ लाँग हॅज शी बीन कफिंग?” म्हणजे हिला खोकला किती दिवस आहे? ‘हॅज’ तिकडे, ‘बीन’ इकडे, मधे ‘शी’. अशा वेळी ‘बीन’ कानावर आलं की समजायचं, काळ विचारताहेत. दिवस सांगायचे.

तिसरी रीत आपल्या आजच्या कामाची. ‘करण्यात आलं आहे’ ही ती रीत. फोनमध्ये येणारं ‘हॅज बीन’ बहुतेक वेळा हेच असतं. “युवर ॲप्लिकेशन हॅज बीन रिसीव्हड.” तुमचा अर्ज मिळाला आहे. “युवर सिलिंडर हॅज बीन बुक्ड.” तुमच्या सिलिंडरची नोंदणी झाली आहे. “युवर अकाउंट हॅज बीन क्रेडिटेड.” तुमच्या खात्यात जमा झाली आहे.

या तिन्ही वाक्यांत काय सांगितलंय आणि काय सांगितलेलं नाही, ते बघा. काम झालं हे सांगितलंय. कुणी केलं ते सांगितलेलं नाही.

मराठीतही आपण असं बोलतो. दूध उतू गेलं की म्हणतो, “दूध उतू गेलं.” “माझं लक्ष नव्हतं” असं म्हणत नाही. कपबशी हातातून पडली की लेकरू म्हणतं, “आई, बशी फुटली.” कुणी फोडली ते गुलदस्त्यात! ‘हॅज बीन’ची ही रीत तशीच. बशी फुटली एवढंच ती सांगते. फोडणारा कोण, ते आपण विचारायचं.

म्हणून मैत्रिणींनो, मेसेजमध्ये ‘हॅज बीन’ दिसलं की तीन गोष्टी बघायच्या. एक, त्याच्या पुढचा शब्द कोणता? दोन, मधे ‘नॉट’ आहे का? तीन, हे केलं कुणी? आता एकेक घेऊ.

पहिली गोष्ट, पुढचा शब्द. ‘बीन’च्या पुढे जो शब्द येतो त्यात खरं काम लपलेलं असतं. बहुतेक वेळा त्याच्या शेवटी ई आणि डी ही दोन अक्षरं असतात : क्रेडिटेड, डेबिटेड, रिजेक्टेड. काही शब्द वेगळे आहेत : ‘सेंट’ म्हणजे पाठवलं, ‘पेड’ म्हणजे भरलं, ‘विथड्रॉन’ म्हणजे काढलं.

गटाच्या हिशेबात आपण जमा आणि नावे लिहितोच. क्रेडिटेड म्हणजे जमा, डेबिटेड म्हणजे नावे. क्रेडिटेड, आले. डेबिटेड, गेले. एवढं पाठ झालं तरी निम्मं काम झालं.

आता कर्जाच्या किंवा योजनेच्या अर्जाचा प्रवास बघा. प्रत्येक टप्प्यावर ‘हॅज बीन’ तेच राहतं, पुढचा शब्द तेवढा बदलतो. ‘सबमिटेड’ म्हणजे अर्ज दिला. ‘रिसीव्हड’ म्हणजे त्यांना पोचला. ‘फॉरवर्डेड’ म्हणजे पुढच्या साहेबांकडे गेला. ‘रिटर्न्ड’ म्हणजे काही कागद कमी आहे म्हणून परत आला, पूर्तता करून पुन्हा देता येतो. ‘रिजेक्टेड’ म्हणजे नामंजूर. ‘अप्रूव्हड’ किंवा ‘सँक्शन्ड’ म्हणजे मंजूर. आणि ‘डिस्बर्स्ड’ म्हणजे रक्कम प्रत्यक्ष दिली.

शेवटचे दोन शब्द वहीत लिहून घ्या. सँक्शन्ड आणि डिस्बर्स्ड एक नव्हेत. मंजुरी म्हणजे हातात पैसे नव्हेत. कर्ज सँक्शन झाल्याचा मेसेज आला म्हणून शेळ्यांचा सौदा पक्का करून विसार देऊन बसायचं नाही. आणि व्याजाचंही तसंच. काही बँका आणि कर्ज कंपन्या रक्कम द्यायच्या आधीच, मंजुरीच्या नाहीतर करारावर सही झाल्याच्या तारखेपासून व्याज लावत होत्या, असं रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत आढळलं. म्हणून २९ एप्रिल २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून ही पद्धत चुकीची असल्याचं सांगितलं आणि असं जादा घेतलेलं व्याज ग्राहकांना परत करायला सांगितलं. तेव्हा डिस्बर्स्डचा मेसेज जपून ठेवा. त्यावरची तारीख आणि व्याज सुरू झाल्याची तारीख जुळते का, ते बैठकीत सगळ्यांनी मिळून बघा.

गॅसच्या मेसेजचंही तेच. ‘बुक्ड’ म्हणजे नोंदणी झाली. ‘डिलिव्हर्ड’ म्हणजे घरपोच दिला. टाकी दारात आलेली नसताना ‘हॅज बीन डिलिव्हर्ड’ असा मेसेज आला तर गप्प बसायचं नाही, त्याच दिवशी एजन्सीला विचारायचं. आणि टाकी मिळताना सांगायचा जो अंकांचा कोड येतो, तो टाकी उंबऱ्यात आल्याशिवाय कुणालाही द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट, ‘नॉट’. एन, ओ, टी. हा इवलासा शब्द ‘हॅज’ आणि ‘बीन’च्या मधे येऊन बसतो आणि सगळा अर्थ उलटा करतो. ‘हॅज बीन क्रेडिटेड’ म्हणजे जमा झाले. ‘हॅज नॉट बीन क्रेडिटेड’ म्हणजे जमा झालेले नाहीत. आकडा तोच असतो, नजर आकड्यावर जाते आणि नॉट राहून जातो. म्हणून मेसेज वाचताना बोट ठेवून वाचा, लहानपणी शाळेत वाचायचो तसं. त्यात लाजायचं कारण नाही.

नॉट नसतानाही नकार सांगणारे दोन शब्द आहेत : ‘डिक्लाइन्ड’ म्हणजे नाकारलं आणि ‘फेल्ड’ म्हणजे व्यवहार झाला नाही. इथं एक मोठी अडचण येते. आपण एटीएमवर जातो किंवा बीसी सखीकडे अंगठा लावतो. यंत्र म्हणतं डिक्लाइन्ड, पैसे हातात येत नाहीत. आणि फोनवर मेसेज येतो, ‘हॅज बीन डेबिटेड’. म्हणजे हातात नाहीत आणि खात्यातही नाहीत. घाबरायचं नाही. पण “बघू नंतर” म्हणून घरीही यायचं नाही. पावती मागायची, मेसेज पुसायचा नाही, तारीख आणि वेळ लिहून ठेवायची. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात सांगितलंय की एटीएममधून पैसे न मिळता खात्यातून वजा झाले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेनं ते आपणहून परत जमा करायचे. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. छोट्या हातातल्या एटीएम यंत्रालाही हा नियम आहे. पैसे परत आले की मेसेजमध्ये शब्द येतो ‘रिव्हर्स्ड’ किंवा ‘रिफंडेड’. तो येईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही.

तिसरी गोष्ट, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. केलं कुणी? इंग्रजीत करणाऱ्याचं नाव सांगायचं असेल तर ‘बाय’ लावून सांगतात. “धिस लेटर हॅज बीन साइन्ड बाय द सरपंच.” या पत्रावर सरपंचांनी सही केली आहे. बाय म्हणजे ‘नं’ किंवा ‘कडून’. पण बँकेच्या मेसेजमध्ये बाय फसवं आहे. “अकाउंट डेबिटेड बाय ५००” असं येतं. तिथं बायच्या पुढे माणूस नाही, रक्कम आहे. पाचशेनं कमी झालं, एवढाच त्याचा अर्थ. आणि इथं आणखी एक गंमत आहे. जागा वाचवायला बँका ‘हॅज बीन’ गिळून टाकतात आणि नुसतं ‘डेबिटेड’ लिहितात. ते गिळलेलं हॅज बीन आपण मनात घालून वाचायचं : झालं आहे.

मग करणारा कसा शोधायचा? मेसेजमध्ये पुढे बघायचं. ‘टू’ असेल तर कुणाकडे गेले ते नाव. ‘फ्रॉम’ असेल तर कुणाकडून आले ते नाव. एटीएम असं लिहिलं असेल तर कार्डानं काढले. चेक असेल तर धनादेशानं गेले. आणि काहीच लागत नसेल तर पासबुक घेऊन बँकेत जायचं आणि स्वच्छ मराठीत विचारायचं, “साहेब, हे पैसे कुणी काढले आणि कुणाला गेले?” हा प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही.

आता ‘हॅज बीन’च्या दोन बहिणींना भेटू. एक ‘इज बीइंग’. म्हणजे काम चालू आहे, अजून झालेलं नाही. “युवर रिक्वेस्ट इज बीइंग प्रोसेस्ड.” तुमच्या मागणीवर काम सुरू आहे. दुसरी ‘विल बी’. म्हणजे पुढे होणार आहे. हॅज बीन म्हणजे चपाती भाजून झाली, इज बीइंग म्हणजे तव्यावर आहे, विल बी म्हणजे अजून कणीक परातीत आहे.

‘विल बी’चं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या जवळचं आहे. मे महिन्यात अनेकींना मेसेज येतो की ४३६ रुपये ‘विल बी डेबिटेड’. काहींना २० रुपयांचाही येतो. बायका घाबरतात, बँकेनं पैसे कापायला काढले म्हणतात. ते आपण फॉर्मवर सही करून घेतलेले विमे आहेत. ४३६ रुपये वर्षाला, ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख रुपये. २० रुपये वर्षाला, ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख. वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत धरलं जातं, म्हणून कपात मे महिन्यात होते. तेव्हा विल बी डेबिटेड आलं की खात्यात तेवढी रक्कम राहू द्यायची. आणि हॅज बीन डेबिटेड आलं की घरच्यांना बसवून सांगायचं : माझा हा विमा आहे, वारस म्हणून हे नाव लावलंय. कारण विमा असूनही घरात कुणाला पत्ताच नसेल, तर दावा करणार कोण? चारशे छत्तीस रुपये कशाचे गेले ते न कळणं म्हणजे नुसते चारशे छत्तीस गमावणं नव्हे. लेकरांचे दोन लाख त्यात अडकलेले असतात.

पण मैत्रिणींनो, हेच दोन शब्द चोरांनाही चांगले ठाऊक आहेत. “युवर इलेक्ट्रिसिटी विल बी डिस्कनेक्टेड टुनाइट.” आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा. असे मेसेज राज्यात कितीतरी जणांना आले आणि लोकांचे पैसे गेले. वैयक्तिक मोबाइल नंबरवरून आम्ही असे मेसेज पाठवत नाही, असं महावितरणनं वेळोवेळी सांगितलंय. दुसरा प्रकार : “युवर अकाउंट हॅज बीन ब्लॉक्ड.” तुमचं खातं बंद करण्यात आलंय, सुरू करायला ही लिंक दाबा. तिसरा प्रकार : “पाच हजार हॅज बीन क्रेडिटेड.” आणि पाठोपाठ कुणाचा तरी रडवेला फोन, “ताई, चुकून तुमच्या खात्यात गेले हो, परत करा ना.” आपण भोळेपणानं परत करतो. खात्यात मात्र पाच हजार आलेलेच नसतात. तो मेसेज बँकेनं पाठवलेला नसतो, त्या माणसानंच बनवून पाठवलेला असतो.

यातून एक ओळखायचं. खरा ‘हॅज बीन’ काय झालं ते सांगतो आणि थांबतो. खोटा ‘हॅज बीन’ लगेच काहीतरी करायला लावतो : फोन करा, लिंक दाबा, ओटीपी सांगा, परत पाठवा. घाई आली की थांबायचं. मेसेज म्हणजे पासबुक नव्हे. खात्यात पैसे आले का ते बँकेत, बीसी सखीकडे किंवा आपल्या ॲपमध्ये शिल्लक बघून ठरवायचं.

आणि पैसे गेलेच तर? लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे. त्याबरोबरच आपल्या बँकेलाही कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, यात आपली चूक नसेल, बँकेचीही नसेल, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले असतील आणि मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत आपण बँकेला कळवलं, तर नुकसान आपल्याला सोसावं लागत नाही. आपण ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कुठल्याही बाजूनं बघा, लवकर कळवण्यातच शहाणपण आहे. “घरी कळलं तर बोलतील” म्हणून लपवून ठेवलं तर ते तीन दिवस निघून जातात. घरच्यांनाही आमचं सांगणं आहे. अशा वेळी बाईला बोल लावत बसू नका, आधी फोन लावा.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. हे सगळं कळलं, पण मेसेज येतो कुणाच्या फोनवर? बऱ्याच घरांत खातं बाईचं असतं आणि त्याला जोडलेला नंबर मालकांचा किंवा मुलाचा. अनेक गटांचंही तसंच. खातं गटाचं, सह्या अध्यक्ष आणि सचिवांच्या, पण नंबर अध्यक्षताईंच्या मुलाचा आणि तो कामाला बाहेरगावी. ‘हॅज बीन विथड्रॉन’ त्याच्या फोनवर वाजतं आणि दहा-बारा बायकांना पत्ता नसतो. इथं कुणावर संशय घ्यायचा नाही. आपल्या पैशाचं काय झालं हे आपल्याला कळायलाच हवं, एवढंच म्हणायचं आहे. गटाच्या खात्याला कुणाचा नंबर जोडलाय ते पुढच्या बैठकीत विचारा. गटातल्या सदस्येचाच नंबर हवा, आणि दर बैठकीत मागच्या महिन्याचे मेसेज पासबुकाशी जुळवून मोठ्यानं वाचून दाखवायला हवेत.

आणि जाता जाता आपल्या इतिवृत्ताच्या वहीत डोकावू. तिथं आपण काय लिहितो? “कर्ज देण्यात आले.” “खर्च करण्यात आला.” “असे ठरवण्यात आले.” ऐकून काही आठवतंय? हे आपलं मराठी ‘हॅज बीन’च आहे! काम झालं, करणारी गायब. बँकेला आपण विचारणार, पैसे कुणी काढले? मग आपल्या वहीतही ते दिसायला हवं. “कर्ज देण्यात आले” असं न लिहिता कुणाला दिलं, किती दिलं, कशासाठी दिलं, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, हे नावानिशी लिहा. “किरकोळ खर्च करण्यात आला” याऐवजी कुणी, कशावर केला ते लिहा आणि पावती चिकटवा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब, ही आपली पंचसूत्री. नाव लिहिलं की पाचवं सूत्र पक्कं होतं. दोन वर्षांनी वाद निघाला तर वही बोलते आणि मैत्रिणी मैत्रिणी राहतात.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देतो. प्रत्येकीनं आपल्या फोनमधला बँकेचा एक मेसेज आणायचा. ओटीपीचा नको, तो कुणालाच दाखवायचा नसतो. गोल बसायचं आणि एकेकीनं आपल्या मेसेजबद्दल चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. झालंय, चालू आहे की होणार आहे? आले की गेले? मधे नॉट आहे का? आणि केलं कुणी? कुणाला अक्षर लागत नसेल तर शेजारणीनं वाचून द्यायचं, पण उत्तर तिचं तिनंच सांगायचं. शाळेत जाणारी मुलगी घरी असेल तर तिलाही बोलवा. तिला पुस्तकातलं हॅज बीन येत असेल, तुमचं बँकेतलं हॅज बीन तिलाही उपयोगी पडेल.

मग एखादीनं पुन्हा फोन पुढे करून “ताई, हे काय आलंय?” असं न विचारता “ताई, हे चारशे छत्तीस गेलेत, विम्याचे आहेत, बरोबर ना?” असं विचारलं, की आम्हाला कळेल, हा तास कामी आला.

आजच्यापुरतं इतकंच.